घर बदलत राहणाऱ्या माणसाचा निवास कोठे असतो?

वळचण (प्रश्न)

गेली बरीच वर्षे मी भाड्याच्या घरांत राहत आलो आहे. कराराची मुदत संपली की सामान बांधायचे, नवी किल्ली घ्यायची, भिंतीला खिळा ठोकणार नाही आणि रंग बदलणार नाही या अटींखाली सही करायची आणि पुन्हा पहिल्यापासून मांडामांड करायची, हा क्रम आता अंगवळणी पडला आहे. तसे पाहिले तर अडचण काहीच नाही. डोक्यावर छप्पर आहे, नळाला पाणी आहे, दार लावून निवांत झोपता येते. तरीही आपण येथे खरोखर राहतो आहोत की नुसता मुक्काम करून आहोत, हा प्रश्न मनातून जात नाही, आणि तो माझ्या एकट्याचा नसावा असे वाटल्याने येथे मांडत आहे.

या विषयावर वाचताना मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने ऑगस्ट १९५१ मध्ये डार्मस्टाट येथे दिलेले व्याख्यान माझ्या वाचनात आले. महायुद्धात जर्मनीची शहरे बेचिराख झाली होती, घरांची भीषण टंचाई होती आणि समोर बसलेल्या वास्तुरचनाकारांपुढे पुनर्बांधणीचे प्रचंड काम वाढून ठेवले होते. अशा श्रोत्यांना त्याने विचारले की, घरे नीट आखली, स्वस्तात दिली, त्यांत हवा आणि उजेड खेळता ठेवला, तरी तेथे निवास घडेल याची हमी ती घरे स्वतः देऊ शकतात काय? आपण बांधतो म्हणून निवासी होतो असे त्याला वाटत नाही. आपण मुळात निवास करणारे आहोत म्हणून बांधतो, असे तो म्हणतो. पुढे दाखला म्हणून तो जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ वनप्रदेशातील एक जुने शेतघर डोळ्यांसमोर उभे करतो. डोंगरउतारावर वाऱ्याच्या आडोशाला, दक्षिणेकडे तोंड करून, झऱ्याजवळ बांधलेले ते घर. त्याचे बर्फाचा भार पेलणारे, खूप पुढे आलेले उतरते छप्पर. मेजामागचा देवाचा कोपरा. बाळंतिणीच्या खाटेची आणि शवपेटीची ठरलेली जागा.

हे वर्णन वाचून मन भरून येते, पण मग माझ्यासारख्यांचे काय, असाही प्रश्न पडतो. पिढ्यान्पिढ्या एकाच जागी राहणे, जागेची मालकी असणे, घरात जन्म आणि मृत्यू घडलेले असणे, यांपैकी नेमकी कोणती गोष्ट निवासाला अत्यावश्यक आहे? निरनिराळ्या लोकांच्या घरांविषयी ज्यांनी अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पागोळी

वळचण, एकाच जागी दीर्घकाळ राहणे ही निवासाची अट आहे असे मी मानत नाही, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा मंगोलियातील पशुपालक कुटुंबे देतात. चाऱ्यासाठी ती वर्षातून अनेकदा ठिकाण बदलतात आणि घर बरोबर नेतात. गेर नावाचे हे गोल घर मोठ्या विचाराने रचलेले असते. लाकडी पट्ट्यांच्या, घडी होणाऱ्या जाळ्या उभ्या करून भिंत होते. भिंतीच्या माथ्यावरून निघालेल्या काठ्या वर मधोमध एका लाकडी कड्यात बसतात, त्या कड्याला तोनो म्हणतात. आणि या साऱ्या सांगाड्यावर नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड, चढवून तो दोरांनी आवळला जातो. घर उतरवणे असो वा उभारणे, घरच्या माणसांना काही तासांत हे काम उरकता येते. गेर बांधण्याचे कौशल्य आणि त्याच्याशी निगडित रीतिरिवाज यांचा युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

तथापि, मला महत्त्वाची वाटते ती आतली मांडणी. दार दक्षिणेकडे, चूल मध्यभागी, दारासमोरची उत्तरेची बाजू देव्हाऱ्याची आणि वडीलधाऱ्यांची, पश्चिमेला खोगीर व लगाम, पूर्वेला स्वयंपाकाची भांडी. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे पाहुण्यालाही ठाऊक असते. तोनोतून उतरणारा उन्हाचा कवडसा दिवसभरात भिंतीवरून आणि सामानावरून सरकत जातो आणि तो कोठे पोहोचला आहे हे पाहून वेळ ओळखता येते. बाहेरची दरी काल आलेली, अनोळखी असेल, पण रात्री अंधारात हात लांबवला तर भांडे जेथे असायला हवे तेथेच असते. ही कुटुंबे मुक्काम हलवतात, घर मात्र बदलत नाहीत. आपण बहुधा याच्या नेमके उलट जगत आहात.

मालकीविषयीही थोडे लिहितो. सहारातील तुआरेग लोकांमध्ये तंबू पत्नीचा असतो. तो लग्नाच्या वेळी तिच्या माहेरच्या स्त्रिया तयार करतात आणि विवाह मोडला तर तंबू सोडून जावे लागते ते पतीला. जमिनीच्या तुकड्यावर कोणाचे नाव आहे, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही, पण घर कोणाचे याविषयी कोणाच्या मनात तिळमात्र संदेह नसतो.

शेवटी, हायडेगरचा दाखला वाचताना एक गोष्ट नजरेआड करू नये असे मला कळकळीने वाटते. तो १९३३ मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला होता. १९५१ च्या व्याख्यानात वंशभेदाची भाषा नाही, हे मान्य. परंतु माणसाची मुळे मातीत किती खोल गेली आहेत यावरून त्याची लायकी ठरवणाऱ्या त्याच राजवटीने फिरस्त्या रोमा लोकांना उपरे ठरवून मृत्युछावण्यांत पाठवले होते. एका जागी रुजण्यालाच निवासाचे प्रमाण मानले, तर फिरणाऱ्यांकडे अपुरी माणसे म्हणून पाहण्याची सवय लागते, आणि त्या सवयीचे परिणाम जगाने पाहिले आहेत.

गवाक्ष

पागोळी यांचे विवेचन मला आवडले. शेवटच्या परिच्छेदाशी तर मी पूर्ण सहमत आहे. परंतु त्यांच्या युक्तिवादातून एक दुवा निसटला आहे. गेर हलते, पण ज्या गवताळ प्रदेशात ते फिरते तो हलत नाही. कोणत्या ऋतूत कोठे पाणी असते, हिवाळ्यात कोणत्या डोंगराच्या कुशीत उतरायचे, हे त्या कुटुंबांना पिढ्यांपासून ठाऊक असते. म्हणजे त्यांचे घर त्या नमद्यापुरते नसून त्या साऱ्या मुलुखावर पसरलेले असते. तेच गेर दुसऱ्या खंडातील एखाद्या उद्यानात उभे केले, तर आतली मांडणी तंतोतंत तीच राहील आणि निवास मात्र उरणार नाही.

जागा वगळून चालत नाही, हे दक्षिण इराकच्या दलदलींनी फार क्रूरपणे दाखवून दिले. तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या पाणथळ प्रदेशातील अरब लोक वेत आणि गाळ यांचे थर देऊन तयार केलेल्या लहान बेटांवर, वेताच्याच घरांत राहत आले आहेत. त्यांचे मुधीफ, म्हणजे पाहुण्यांचे सभागृह, जाडजूड वेताच्या जुड्या दोन्ही बाजूंनी रोवून, त्यांची टोके वाकवून एकमेकींना बांधून उभे करतात. त्यात एकही खिळा नसतो. वेत जुना झाला की नवा कापायचा आणि पुन्हा बांधायचे. १९९१ च्या उठावानंतर सद्दाम हुसेनच्या राजवटीने बांध आणि कालवे काढून या दलदलींचे पाणी तोडले. घरांवर नांगर फिरवण्याची फारशी गरजही उरली नाही. पाणी गेले, वेत वाळला, म्हशी आणि मासे गेले आणि बहुतेक रहिवासी परागंदा झाले. २००३ नंतर लोकांनी ते बांध फोडले, पाण्याचा काही भाग परतला आणि त्याच्यामागून काही माणसेही परतली. त्या माणसांना बांधण्याची कला येत होती, आतली व्यवस्था मुखोद्गत होती, परंतु पाण्यावाचून त्या दोहोंचा उपयोग नव्हता.

याच्या जोडीला इजिप्तमधील गुर्ना गावाची गोष्ट ठेवावी. लक्सरच्या पश्चिमेला प्राचीन थडग्यांच्या टेकडीवर वसलेले हे गाव हलवण्याचे तेथील पुरातत्त्व खात्याने १९४० च्या दशकात ठरवले आणि नव्या गावाची रचना हसन फाती या विख्यात वास्तुरचनाकाराकडे सोपवली. त्याने कच्च्या विटांच्या कमानी, घुमट, अंगणे, मशीद, शाळा असे सारे मनापासून बांधले. मातीच्या बांधकामाची जुनी विद्या जाणणारे गवंडी त्यासाठी असवानकडून आणवले. आजही ती घरे पाहून डोळे निवतात. तरीही गुर्नाचे लोक तेथे जाण्यास राजी झाले नाहीत, काम अर्धवट थांबले आणि बांधून झालेली बरीचशी घरे रिकामी राहिली. त्यांची उपजीविका टेकडीवरच्या त्या थडग्यांशी आणि तेथे येणाऱ्या प्रवाशांशी बांधलेली होती. घर कोणाला किती आवडले, हा विषय फार नंतरचा होता.

जुन्या जागेचे गोडवे गावेत, असा मात्र याचा अर्थ नाही. इटलीतील मातेरा येथे दगडात कोरलेल्या घरांत माणसे आणि जनावरे एकत्र राहत, हिवतापाने मुले दगावत, आणि १९५२ मध्ये खास कायदा करून सुमारे १५,००० लोकांना तेथून हलवण्यास सुरुवात झाली. त्याच गुहांना युनेस्कोने १९९३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि आज तेथे हौसेने राहायला प्रवासी येतात. नव्या वसाहतींत पाणी आणि वीज मिळाली, हा फायदा लहान नव्हता. एका समाईक चौकाभोवतीच्या घरांचा जो शेजार होता, तो मात्र त्यांना बरोबर नेता आला नाही.

माळवद

मी वास्तुरचनेच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे वळचण यांच्या प्रश्नातील खिळ्यावर माझी नजर खिळली आहे. चर्चा मांडणी आणि जागा यांभोवती फिरते आहे. मला त्यात घराला हात लावण्याच्या अधिकाराची भर घालावीशी वाटते. माझ्या मते निवासाचा कणा तोच आहे, आणि पागोळी यांची मांडणीही शेवटी त्यावरच उभी आहे.

तुर्कस्तानातील चाताल्ह्युयुक ही सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची वसाहत घ्या. घरे एकमेकांना इतकी खेटून बांधलेली की मध्ये रस्तेच नाहीत. लोक छपरांवरून ये-जा करीत आणि छतातल्या भोकातून शिडीने घरात उतरत. आपल्या मृतांना ते जमिनीखाली, ज्या ओट्यांवर स्वतः झोपत त्यांच्याच पोटात पुरत. उत्खननात तेथील भिंतींवर गिलाव्याचे अतिशय पातळ थर एकावर एक सापडले आहेत. काही भिंतींवर ते कित्येक डझन भरतात. कोणीतरी पुन्हा पुन्हा पांढरी माती कालवून, तळहाताने वा दगडाने घासून त्या भिंती गुळगुळीत करीत होते. घर जीर्ण झाले की ते पाडून त्याच भिंतींच्या बुंध्यांवर, बहुतांशी त्याच आराखड्याने नवे उभारले जाई. या लोकांजवळ मालकीचे कागद नव्हते, पण भिंतीवर फिरलेला हात त्यांचा होता.

हाच विचार आजच्या काळात नीट राबवलेला पाहायचा असेल, तर चिलीमधील इकीके शहरातील किंता मोनरॉय हा प्रकल्प अभ्यासावा. शहराच्या मध्यभागी सुमारे १०० कुटुंबे तीसेक वर्षे अनधिकृत वस्ती करून राहत होती. शासकीय अनुदानात प्रत्येकाला पुरेसे मोठे घर बांधून देणे शक्य नव्हते आणि लोकांना शहराबाहेर फेकून देणे अन्यायाचे झाले असते. अलेहांद्रो अरावेना आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास त्याच जागेवर प्रत्येक कुटुंबाला अर्धे घर बांधून दिले. ज्या गोष्टी सामान्य कुटुंबाला स्वतः करणे कठीण, म्हणजे भक्कम सांगाडा, जिना, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, त्या आधीच तयार होत्या. उरलेली अर्धी जागा मुद्दाम मोकळी सोडली होती. ती कुटुंबांनी आपापल्या सवडीने आणि ऐपतीप्रमाणे भरली. प्रथमदर्शनी त्या रांगा कोणाला बेंगरूळ वाटतील, मला त्या फार सुंदर वाटतात. अरावेनाला २०१६ मध्ये वास्तुरचनेतील मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. तयार घरांच्या किल्ल्या वाटून मोकळे होणाऱ्या योजनाकारांनी या कामाकडून पुष्कळ शिकावे असे मला वाटते.

वळचण यांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९१ मध्ये पुरेशा निवाऱ्याच्या हक्काचा अर्थ स्पष्ट करणारे एक भाष्य प्रसिद्ध केले. डोक्यावर छप्पर असणे एवढाच या हक्काचा अर्थ घेऊ नये. सुरक्षितपणे, शांततेने आणि सन्मानाने कोठेतरी राहता येणे हा त्याचा अर्थ आहे, असे त्यात म्हटले आहे. त्यासाठी सांगितलेल्या सात कसोट्यांत पहिली कसोटी ताबा कायद्याने सुरक्षित असण्याची आहे, आणि ताब्याच्या प्रकारांत भाडेपट्टा व सहकारी घरे यांचाही समावेश आहे. तेव्हा आपल्या मनातील अस्वस्थतेचे कारण भाड्याचे घर हे नाही. ज्या कराराखाली पुढच्या वर्षी येथेच असू की नाही हे सांगता येत नाही आणि भिंतीला हात लावता येत नाही, तो करार कमी प्रतीचा आहे. दीर्घ मुदतीचे, घरमालकाला सहज मोडता न येणारे आणि भाडेकरूला वाजवी बदलांची मुभा देणारे करार जगात अनेक देशांत प्रचलित आहेत, आणि त्यांची मागणी करण्यात कसलाही कमीपणा नाही.

वळचण

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. माळवद यांनी प्रश्न माझ्या मनातून उचलून कराराच्या कागदावर नेऊन ठेवला, याचे मोठे समाधान वाटले. आता एक उपप्रश्न विचारतो. वृद्धाश्रम, रुग्णालयाचा दीर्घ मुक्काम, निर्वासितांची छावणी अशा ठिकाणी जागाही आपली नसते आणि मांडणीही नियमाने ठरलेली असते. तेथे निवास संभवतो काय?

ओटा

माझ्या नात्यातील एक आजी अशाच एका संस्थेत राहत असत, त्यामुळे या उपप्रश्नावर अनुभवाने लिहिते. संस्था स्वच्छ होती, जेवण वेळेवर मिळे, कर्मचारी प्रेमळ होते. आजींच्या खोलीत एक खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली असे. त्या ती रोज खिडकीकडे, जरा तिरपी फिरवून ठेवीत, कारण तशी ठेवल्यावर फाटकातून आत येणारा माणूस दिसे. दुसऱ्या दिवशी केर काढून झाला की खुर्ची पुन्हा भिंतीला लागलेली असे. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. सगळ्या खोल्या सारख्या दिसाव्यात, असा नियम होता. पुढे एका परिचारिकेच्या ध्यानात हे आले आणि तिने त्या खुर्चीच्या पायांखाली जमिनीवर खडूच्या खुणा करून ठेवल्या. त्यानंतर ती खुर्ची तेथेच राहू लागली आणि आजी त्या खोलीला माझी खोली म्हणू लागल्या. माळवद ज्याला हात लावण्याचा अधिकार म्हणतात, तो किती लहानशा गोष्टीत सामावू शकतो, हे मला तेव्हा समजले.

मात्र, आतापर्यंतच्या चर्चेत घराकडे राहणाऱ्याच्या बाजूनेच पाहिले गेले, ही उणीव मला जाणवते. आजी खुर्ची फिरवीत ती येणाऱ्याला पाहण्यासाठी. एमान्युएल लेव्हिनास या फ्रेंच तत्त्वज्ञाने तरुणपणी हायडेगरकडे शिक्षण घेतले होते. पुढे युद्धात तो जर्मनांचा कैदी झाला आणि त्याचे लिथुएनियातील आईवडील व भाऊ मारले गेले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विचारांत घराला मोठे स्थान आहे. घरामुळे माणसाला जगापासून बाजूला होऊन स्वतःशी राहता येते, हे तो मान्य करतो. पण त्याच घराचे दार दुसऱ्यासाठी उघडता येणे, आलेल्याला आत घेता येणे, याला तो त्याहून अधिक महत्त्व देतो. गवाक्ष यांनी उल्लेखलेल्या मुधीफकडे या नजरेने पाहावे. त्या दलदलीतले सर्वांत मोठे आणि सर्वांत देखणे बांधकाम कोणाच्या राहण्यासाठी नसून येणाऱ्यासाठी असते.

चीनच्या फुजियान प्रांतातील तुलोऊ हे मातीचे प्रचंड वाडेही येथे आठवतात. बाहेरून ते किल्ल्यासारखे बंद, आतून मात्र सारी दारे एकाच चौकाकडे उघडणारी. काहींत ८०० पर्यंत माणसे राहू शकत. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला खालपासून वरपर्यंत एक उभा पट्टा येई: तळाला स्वयंपाकघर, त्यावर धान्याची कोठी आणि वरच्या मजल्यांवर झोपण्याच्या खोल्या. त्यामुळे मोठे आणि छोटे, चांगले आणि वाईट घर अशी वाटणी होत नसे. ज्या संस्थांत पाहुण्यांना भेटीच्या वेळा ठरवून दिलेल्या असतात आणि आलेल्याला स्वतःच्या हाताने काही करून देता येत नाही, तेथे इतर सर्व सोयी असूनही माणूस निवासी न राहता रुग्ण होतो, असे माझे मत आहे. संस्थाचालकांनी निदान एक लहानशी शेगडी आणि दोन जास्तीच्या खुर्च्या तरी प्रत्येक मजल्यावर रहिवाशांच्या ताब्यात द्याव्यात.

पागोळी

ओटा यांच्या प्रतिसादानंतर छावण्यांविषयी थोडेच लिहायचे उरते. जॉर्डनमधील झातारी ही छावणी सीरियातील युद्धातून पळून आलेल्यांसाठी जुलै २०१२ मध्ये उघडण्यात आली आणि पुढच्याच वर्षी तेथील लोकसंख्या लाखाच्या पुढे गेली. प्रशासनाने तंबू आणि नंतर पत्र्याच्या तयार खोल्या सरळ रांगांत मांडल्या होत्या, कारण तशा रचनेत पाणी पोहोचवणे आणि मोजदाद ठेवणे सोपे जाते. लोकांनी त्या खोल्या उचलून, ढकलून हलवल्या. नातेवाइकांच्या खोल्या जवळ आणल्या, दोन-तीन खोल्या काटकोनांत ठेवून मधे अंगण केले, काहींनी त्या अंगणात लहानसे कारंजेही बसवले, कारण सीरियातल्या जुन्या घरांत तसे असते. मुख्य रस्त्यावर दुकाने लागली आणि त्या बाजाराला त्यांनी पॅरिसमधील प्रसिद्ध रस्त्याच्या नावावरून नाव दिले.

गवाक्ष यांचे म्हणणे मी आता काही अंशी मान्य करतो. त्या लोकांची जागा गेली होती आणि अंगण केल्याने ती परत मिळाली नाही. तथापि वळचण यांच्या उपप्रश्नाचे उत्तर होय असेच आहे, आणि त्यातून छावण्या आखणाऱ्यांसाठी एक साधी सूचना निघते: खोल्या हलवणाऱ्यांना नियमभंग करणारे समजू नये, दोन खोल्यांमध्ये अंगणाला पुरेल एवढे अंतर आणि पाण्याची लांबवता येईल अशी जोडणी आराखड्यातच ठेवावी, आणि कोणी कोणाशेजारी राहायचे हे त्या कुटुंबांना ठरवू द्यावे.